बुधवारचे मास्तर

हेमराजभाऊंच्या कारखान्याला बुधवारी सुट्टी असायची. वीज पुरवून पुरवून वापरायची म्हणून तेव्हा सुरतेत एकेका भागातले लूम, म्हणजे यंत्रमाग, एकेका वारी बंद ठेवत, आणि गोडादऱ्याच्या त्या पट्ट्याच्या वाट्याला बुधवार आला होता. बाकीचे कारागीर त्या दिवशी उशिरापर्यंत झोपत, कपडे धूत, कुणी गावाकडच्या माणसांना भेटायला डिंडोलीला जात. हेमराजभाऊ मात्र अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दुपारी बाराच्या सुमाराला आमच्या शाळेच्या मागच्या खिडकीशी येऊन उभे राहत.

मी त्या शाळेत पाचवीला शिकवत होते. एकाच इमारतीत सकाळी गुजराती शाळा आणि दुपारी आमची मराठी. माझं माहेर भुसावळचं, मिस्टर उधन्याला रेल्वेत, म्हणून मी सुरतेत आले आणि इथलीच झाले. वर्गातली मुलं बहुतेक लूमवाल्यांची. कुणी धुळ्याकडची, कुणी जळगावकडची, दोन-चार मराठवाड्यातली. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि मराठी फक्त माझ्यासमोर.

ही गोष्ट ब्याण्णव सालची. खिडकीतला माणूस पहिल्या बुधवारी दिसला तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी बाप असेल. दुसऱ्या बुधवारी तोच. तिसऱ्या बुधवारी मी मुलांना पाढे लिहायला दिले आणि मागच्या बाजूला गेले.

"कुणाचे पालक तुम्ही?"

ते दचकले. पस्तिशीचे असतील. उंच, हडकुळे, केसांत सुताचे दोन तंतू अडकलेले.

"कुणाचाच नाही बाई. माझ्या दोघी पोरी गावाला आहेत, आजीजवळ शिकतात."

"मग इथं काय काम आहे?"

"काम काहीच नाही. तुम्ही फुप्फुसं शिकवत होत्या, ते बघत होतो." मग जरा थांबून, खालच्या मानेनं म्हणाले, "रागावू नका, पण चित्रावर शिकवलं तर पोरांना कळत नाही. फुगे घेतले तर कळेल."

मला राग आलाच. दहा वर्षं नोकरी झालेली, आणि लूमवर काम करणारा माणूस मला शिकवणं शिकवत होता. मी पाठ फिरवून आत आले.

पुढच्या बुधवारी त्यांनी खिडकीच्या गजांतून एक वस्तू आत सरकवली. दवाखान्यातली सलाइनची रिकामी बाटली, तिचा तळ कापलेला. बुचातून बॉलपेनची नळी आत गेलेली, तिला दोन फाटे आणि दोन टोकांना दोन छोटे फुगे. तळाला फाटक्या फुग्याचं रबर ताणून बांधलं होतं. "खालचं रबर ओढा," ते बाहेरून म्हणाले. मी ओढलं. आतले दोन्ही फुगे फुगले. सोडलं, तर बसले. पहिल्या बाकावरच्या पोरानं आपल्या छातीवर हात ठेवला आणि मोठ्यानं श्वास घेतला. मग सगळ्या वर्गानं घेतला. एकसष्ट मुलं एकदम श्वास घेताना मी पहिल्यांदाच ऐकली.

त्या दिवशी मी त्यांना आत बोलावलं.

हळूहळू त्यांची हकिगत कळली. पारोळ्याजवळच्या एका खेड्यातले. बारावी सायन्स झालेले. गावच्या एका नव्या शाळेत, अनुदान येईल या आशेवर, चार वर्षं विज्ञान शिकवलं होतं. अनुदान आलं नाही, संस्थेनं शाळा बंद केली. शेवटच्या दिवशी मुलांनी वर्ग सारवून दिला होता, असं ते सांगायचे. रिकाम्या वर्गाला कुलूप लावायचं, तरी सारवला. मग एकोणनव्वदला मामेभावानं सुरतेला आणलं आणि आठ लूमच्या मध्ये उभं केलं.

"तिथं काय आठवतं सांगू?" ते एकदा म्हणाले. "खडूचा वास. इथं खडू विकत मिळतो, आणला पण एकदा घरी. पण वर्गात पन्नास पोरं बसलेली असताना खडूचा वास येतो ना, तो वेगळा."

दोन वर्षं ते दर बुधवारी आले आणि जवळजवळ दर बुधवारी काहीतरी घेऊन आले. कारखान्यातला टाकाऊ माल हेच त्यांचं भांडार. सूत ज्यावर गुंडाळून येतं ते पुठ्ठ्याचे कोन, तुटक्या बॉबिन, गेलेले बल्ब, चिंध्या. गेलेल्या बल्बचं मागचं तोंड अलगद फोडून त्यात पाणी भरलं की झालं भिंग. मुलांनी त्याखाली आपल्याच आयांच्या साड्यांचा काठ बघितला; उभा धागा, आडवा धागा, एकाखाली एक. "माझे पप्पा हे करतात?" एका मुलीनं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं. बाप बारा तास कुठे जातो एवढंच माहीत होतं.

कोनाच्या बारीक टोकाला काळा कागद लावून त्याला टाचणीनं एकच भोक पाडलं, रुंद तोंडाला तेल लावलेला कागद चिकटवला आणि डोक्यावरून काळं फडकं घेतलं, की मैदानावरचं लिंबाचं झाड उलटं दिसायचं. एकदा नेमके आमचे आचार्य रामदास सर मैदान ओलांडत होते. आमच्याकडे मुख्याध्यापकांना आचार्य म्हणतात. फडक्याखालची मुलगी किंचाळली, "बाई, सर डोक्यावर चालताहेत!"

रामदास सर माणूस चांगला, पण भित्रा. शाळेत विज्ञानाच्या साहित्याची एक पेटी होती, सरकारी, नवी कोरी. ती त्यांच्या कपाटात कुलूपबंद. काही फुटलं तर लिहून द्यावं लागेल म्हणून ती कधी बाहेर यायची नाही. हेमराजभाऊंच्या वस्तूंना ही भीती नव्हती. फुटली तर पुढच्या बुधवारी दुसरी.

त्या दोन वर्षांत हेमराजभाऊंच्या खोलीवर मी एकदाच गेले. दहा बाय दहाची खोली, माळ्यावर आणि खाटेखाली कोन, बाटल्या, डबे. मंदा, त्यांची बायको, चहा टाकता टाकता मला म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगा यासले. घरमा पाय ठेवाले जागा नही, आनि हाऊ कचरा भरी ठेयेल शे." बोलत होती मोठ्यानं. पण आमच्या त्या भागात सगळेच मोठ्यानं बोलतात. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेलेली माणसं घरीही ओरडूनच बोलतात. मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. चहाचा कप माझ्या हातात देताना तिनं आवाज खाली आणला. "झोपमाबी शिकाडतस बाई. हात हालतस त्यासना."

मग चौऱ्याण्णवचा सप्टेंबर आला आणि सुरतेत प्लेगची बातमी फुटली. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. शाळा बंद, कारखाने बंद, माणसं तोंडाला रुमाल बांधून उधना स्टेशनकडे धावताहेत, भुसावळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही. आमची गल्ली दोन दिवसांत ओस पडली. हेमराजभाऊ आणि मंदाही गावी गेले. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये दारं लावून बसलो.

शाळा पुन्हा उघडली तेव्हा माझ्या शाळेतले दोन शिक्षक परतले नव्हते. एकानं लांब रजा टाकली, दुसऱ्यानं बदली मागितली. मला सातवी दिली गेली, आणि पाचवी बिनशिक्षकाची राहिली. दिवाळीनंतर मुलं जसजशी गावाहून परतली, तसतसा तो वर्ग भरत गेला आणि गोंधळ वाढत गेला. रामदास सर दिवसातून चार वेळा छडी आपटून येत.

मीच त्यांच्याकडे विषय काढला. हेमराजभाऊ तेव्हा परतले होते. सर बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "कागदावर नाव येणार नाही. सही नाही, पगार नाही. तपासणी आली तर त्यांनी मागच्या दारानं जायचं. चालेल का विचारा."

मी गोडादऱ्याला जाऊन विचारलं. हेमराजभाऊ माझ्या तोंडाकडे बघत राहिले, जणू मी जे म्हणाले ते पुन्हा म्हणावं अशी वाट बघत. मी पुन्हा म्हणाले. त्यांनी मंदाकडे पाहिलं. ती म्हणाली, "जा ना मंग. एवढं मन शे त्यान्हामा तं जा."

त्यांनी रात्रपाळी मागून घेतली. रात्री आठ ते सकाळी आठ लूम, मग तीन तास झोप, आणि बारा वाजता वर्गात. डोळे लाल, पण शर्ट इस्त्रीचा. आता रोजच बुधवार होता.

ते अकरा आठवडे मी कधी विसरणार नाही. सातवीच्या वर्गातून मला पाचवीचा आवाज यायचा, आणि तो आवाज गोंधळाचा नसायचा. एक दिवस सगळी मुलं मनगटावर ड्रॉइंग पिन ठेवून, तिच्यावर आगकाडी खोचून श्वास रोखून बसलेली. नाडीच्या ठोक्यासरशी काडी हलायची. प्लेगमध्ये ज्याची आजी गेली होती असा एक मुलगा कितीतरी वेळ आपली काडी बघत बसला. हेमराजभाऊ त्याच्याशेजारी जाऊन बसले, आपल्या मनगटावर काडी ठेवली, आणि दोघं मिळून बघत राहिले.

जानेवारीत आवाजाचा धडा आला. त्यांनी दोन-दोन कोन सुतानं जोडून तीस टेलिफोन केले. व्हरांड्यात मुलं या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून उभी. "हॅलो, कोण बोलतंय?" "मी शिरपूरहून बोलतोय!" सगळी शाळा बघायला आली. रामदास सरांनीही एक कोन कानाला लावला आणि लहान मुलासारखे हसले.

त्यानंतर वर्ग आत गेला. मी खडू आणायला जाताना दारातून सहज पाहिलं. हेमराजभाऊ फळ्याजवळ उभे होते. शेवटच्या बाकावरून सुषमा उभी राहिली. ही मुलगी वर्षभरात माझ्याशीही दोन वाक्यं बोलली नव्हती. वडील भेस्तानला बांधकामावर, आई घरी साड्यांचे धागे कापायची. ती खाली बघत, बाकाच्या कडेवर नख ओढत, काहीतरी विचारत होती. बाहेर टेम्पो घरघरत होता, मला ऐकू आलं नाही.

हेमराजभाऊ हसून म्हणाले, "बरोबर! शाब्बास."

मुलं हसली. सुषमा गोंधळली. तिनं धीर करून पुन्हा विचारलं.

"बरोबर आहे, बस खाली."

आता वर्ग खदखदून हसला. सुषमा बसली. तिनं दप्तर मांडीवर घेतलं आणि त्यात तोंड घातलं. हेमराजभाऊ हसणाऱ्या मुलांकडे बघून स्वतःही हसत होते, पण ते हसू अर्ध्यातच थांबलं. काहीतरी चुकलंय एवढं त्यांना कळलं होतं. काय, ते कळलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर ते व्हरांड्यात बसून सूत गुंडाळत होते, माझ्याकडे पाठ करून. मी हाक मारली, "हेमराजभाऊ." ते गुंडाळत राहिले. पुन्हा मारली. मी समोर जाऊन बसले. माझ्या चेहऱ्याकडे पाहिल्याबरोबर त्यांचे हात थांबले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"डावा तर कधीच गेला. उजवा गेल्या पावसाळ्यापासून कमी झाला." ते शांतपणे सांगत होते. "लूमवर सगळ्यांचंच होतं बाई. समोरच्याचे ओठ दिसले की मला कळतं. तुमचं कळतं, मंदाचं कळतं. हजेरीला पोरांना हात वर करायला लावला. पण पोरांचे ओठ बारीक असतात. आणि ज्याला खरंच काही विचारायचं असतं ना, ते पोरगं खाली बघून विचारतं."

"मशीन मिळतं कानाचं."

"एकाचं लावून बघितलं. त्यात सगळंच मोठं होतं. बाकडी सरकवलेली, टेम्पो, पोरं, सगळं एक." मग त्यांनी विचारलं, "ती पोरगी काय विचारत होती?"

"मला नाही ऐकू आलं."

"तुम्ही दारात होत्या."

"नाही आलं हो, खरंच."

दुसऱ्या दिवशी मी मुलांना विचारलं. एक म्हणाला, पाण्यातून आवाज जातो का असं तिनं विचारलं. दुसरी म्हणाली, नाही, सूत गावापर्यंत लावलं तर आजीशी बोलता येईल का, असं. तिसऱ्याला काही आठवत नव्हतं, नुसता हसला होता. सुषमाला जवळ घेऊन विचारलं, तर म्हणाली, "काही नाही बाई."

हेमराजभाऊंनीही प्रयत्न केला. तिच्या बाकाशी गुडघ्यावर बसले, तिच्यासमोर पाटी ठेवली. "ह्याच्यावर लिही बेटा. मला कानानं कमी येतं. माझी चूक झाली." सगळ्या वर्गासमोर त्यांनी ते सांगितलं. सुषमानं पाटीकडे पाहिलं, पेन्सिल हातात घेतली, आणि परत ठेवली. मान हलवली. ते पाच-सहा मिनिटं तसेच बसून राहिले. मग पाटी तिच्याचजवळ ठेवून उठले.

तो आठवडा त्यांनी पूर्ण केला. शनिवारी रामदास सरांकडे गेले. मी तिथंच होते.

"राहा हो," सर म्हणाले. "कोण विचारतंय? दुसरा माणूस कुठे आहे माझ्याकडे? आणि तुमच्यासारखं शिकवतं कोण?"

"शिकवणं मला येतं सर," हेमराजभाऊ म्हणाले. "पण पोरांनी विचारायला सुरुवात केली, आणि मी त्यांना बरोबर, बरोबर म्हणत बसलो. असं आणखी किती वेळा झालं असेल, मला माहीत नाही. कुणाकुणाचं विचारणं माझ्यामुळे बंद झालं असेल." मग म्हणाले, "मला कायम वाटायचं, वर्ग मिळाला पाहिजे. मिळाला. पण मी यायला उशीर केला."

सोमवारपासून ते आले नाहीत. फेब्रुवारीच्या शेवटी पाचवीला एक तरुण बाई मिळाल्या, वैशाली नावाच्या. चांगल्या होत्या. मुलं आठवडाभर विचारत राहिली, गुरुजी कुठे गेले. मग विचारायची थांबली. मुलांचं तसंच असतं.

साहित्य मात्र येत राहिलं. बुधवारी मंदा पिशवी घेऊन यायची. कधी कोनाची दुर्बीण, कधी बाटलीतलं गांडुळांचं घर, कधी नुसते पाणी भरलेले बल्ब. प्रत्येक वस्तूबरोबर कागद, त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: हे आधी दाखवू नका, आधी विचारा, मुलांना काय वाटतं. मी म्हणायचे, त्यांना सांग, एकदा स्वतः या. मंदा मान हलवायची. एकदा मधल्या सुट्टीत मी फाटकाबाहेर पाहिलं, तर रस्त्यापलीकडच्या पानाच्या गल्ल्याशी, म्हणजे टपरीशी, ते उभे होते. पान खात नव्हते. मैदानात मुलं खो-खो खेळत होती, ते बघत होते. मी हात वर केला. त्यांनीही केला, आणि सायकल घेऊन निघून गेले.

सत्त्याण्णवला त्यांच्या शेटनं कारखाना भेस्तानला हलवला. पिशवी यायची थांबली. सातवी झाल्यावर सुषमाही कुठे गेली ते कळलं नाही. भेटली असती तर मी पुन्हा विचारलं असतं, पण मला नाही वाटत तिला आठवलं असतं.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी मी भेस्तानला गेले होते. मंदा तिथं भेटली, हात धरून घरी घेऊन गेली. हेमराजभाऊंनी लूम सोडले होते, साडीच्या घड्या घालायचं काम करत होते. दोन्ही कान गेले होते. दोघी मुली गावी दहावी-बारावीला. खोली आता मोठी होती, आणि रिकामी. खाटेखाली काही नव्हतं.

मला बघून ते उठले, इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि समोर बसले, माझे ओठ दिसतील असे.

"पाचवीला आता कोण आहे?"

"पुन्हा मीच," मी हळू, स्पष्ट म्हणाले.

त्यांना समाधान वाटलं. "पोरं किती?"

मी बोटांनी दाखवलं. एकोणीस. लोक आता मुलांना गुजराती शाळेत घालू लागले होते, हिंदीत घालू लागले होते. त्यांनी माझी बोटं पुन्हा मोजली.

"माझ्या वेळी एकसष्ट होते," ते म्हणाले.

त्यांची वेळ म्हणजे ते अकरा आठवडे. मी मान डोलावली. मंदानं त्यांच्याकडे पाहिलं आणि चहा ठेवायला वळली. ते बंद खिडकीच्या काचेतून बाहेर बघत होते. मग त्यांनी विचारलं, पाचवीला आता कुठला धडा चालला आहे. मे महिना होता, शाळेला सुट्टी होती. पण मी सांगितलं, "पाण्याचा." त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सांगू लागले, पाण्याचा धडा असेल तर काय काय करता येईल.